नेदरलँड्समधल्या ड्रेंथच्या खेड्यात घर घेताना लावलेला लोकल माकेलार: आमचा सविस्तर रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मी मुद्दाम उशिरा लिहितेय. घराची किल्ली मिळाली २०२४ च्या सप्टेंबरात, पण त्या घरात दोन हिवाळे काढल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण किल्ली मिळाल्याच्या आठवड्यात सगळ्यांनाच सगळं छान वाटत असतं आणि तेव्हा लिहिलेल्या पाच स्टारना काही अर्थ नसतो. रिव्ह्यू आहे आमच्या आनकोपमाकेलारचा, म्हणजे घर घेणाऱ्याच्या बाजूने काम करणारा एजंट. एकट्या माणसाचं ऑफिस, वय साठीच्या आसपास, जन्म आणि आयुष्य इथल्याच पट्ट्यात. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव देत नाहीये, पण त्यांनी काय काम केलं ते नीट सांगते, म्हणजे तुम्ही तुमच्या भागात असा माणूस शोधताना काय विचारायचं ते कळेल.

आधी आम्ही इकडे कसे आलो ते. नवरा रेडिओ खगोलशास्त्रातला, पूर्वी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या दुर्बिणींवर होता, इकडे आल्यावर लोफार या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर काम करतो. लोफारच्या अँटेनांचा मुख्य भाग आहे एक्सलो गावाजवळ शेतात, २०१० साली राणी बेआट्रिक्सच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि त्याचं ऑफिस ड्विंगेलोला. आम्ही मात्र सात वर्षं आम्स्टरडॅमजवळच्या आम्स्टलव्हेनमध्ये भाड्याने, कारण आपली सगळी माणसं तिकडेच, गणपती तिकडे, किराणा तिकडे. भाडं शेवटी २,१०० युरोवर गेलं, नवऱ्याला आठवड्यातून तीन दिवस एवढ्या लांब जाऊन यायचं म्हणजे दिवस संपायचा, माझं टेस्टिंगचं काम तसंही बहुतेक घरूनच. तेव्हा विचार केला की सरळ तिकडेच घर बघू. नेदरलँड्समध्ये घराची सरासरी किंमत २०२४ मध्ये साडेचार लाख युरोच्या आसपास होती, तेवढ्यात आम्स्टलव्हेनला दोन बेडरूमचा फ्लॅट मिळायची मारामार आणि इकडे अंगण, कोठार, झाडं असलेलं अख्खं घर.

गाव कुठलं ते सांगत नाही पण खेमेंते, म्हणजे इथली नगरपालिका, बोर्गर-ओडोर्न. १९९८ मध्ये दोन खेमेंते एकत्र करून झालेली, पंचवीसेक गावं मिळून लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गावसुद्धा याच्यापेक्षा मोठं. रेल्वे स्टेशन एकही नाही, एमन नाहीतर आसनला जावं लागतं, आणि ग्रोनिंगन-एमन ३०० नंबरची बस एन ३४ रस्त्याने जाते तिचाच काय तो आधार. गाडी नसेल तर इथे घर घ्यायचा विचार करू नका, हे मी सगळ्यात आधी सांगते.

पहिले चार महिने आम्ही एजंटशिवाय बघत होतो. फुंडा या घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर रोज रात्री बसायचं, शनिवारी दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी हाकत यायचं, वीस मिनिटं घर बघायचं, परत जायचं, सोमवारी बोली लावायची आणि बुधवारी नकार. दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी आम्ही बिडलॉग मागितला. २०२३ पासून मोठ्या माकेलार संघटनांच्या सभासदांना सगळ्या बोलींची नोंद ठेवावी लागते आणि विक्री पक्की झाल्यावर बोली लावणाऱ्यांना ती नावं झाकून बघता येते. त्यात दिसलं की जिंकलेली बोली आमच्यापेक्षा फक्त ३,००० नी जास्त होती पण तिच्यात कर्ज मंजूर होण्याची अट नव्हती, म्हणजे पश्चिमेकडचं घर विकून रोख घेऊन आलेलं कुणीतरी. मला तेव्हा खरंच खूप वाईट वाटलं होतं, कारण ते घर मनात भरलं होतं. आता वाटतं सुटलो, का ते पुढे येईलच.

तर हे माकेलार. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने नंबर दिला. फोन केला तर म्हणाले शनिवारी या, पण घर बघायला नाही, आधी जमीन बघायला. आम्हाला कळेना. त्यांनी आम्हाला स्वतःच्या गाडीत घातलं आणि तीन तास नुसतं फिरवलं. माझ्या मते त्यांच्या फीचे निम्मे पैसे त्या तीन तासांतच वसूल झाले.

या खेमेंतेचे दोन भाग आहेत. पश्चिमेला होन्ड्सरुग, म्हणजे हिमयुगात तयार झालेली वाळू-मातीची लांब उंचवट्याची पट्टी, तिच्यावर जुनी गावं, मधे ओकच्या झाडांचा चौक त्याला ब्रिंक म्हणतात, आणि पाच हजार वर्षांपूर्वीची हुनेबेड, म्हणजे प्रचंड दगडांची थडगी. देशातली ५४ पैकी ५२ ड्रेंथ प्रांतात आहेत आणि सगळ्यात मोठं, साडेबावीस मीटर लांबीचं, बोर्गरमध्ये. पूर्वेला उतरलं की एकदम सपाट, कालव्याच्या काठाने मैलोन्मैल एका रेषेत घरं, कारण तिकडे पूर्वी पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची, दलदल होती, ते पीट इंधन म्हणून खणून कालव्यांतून होड्यांनी नेलं आणि उरलेल्या जमिनीवर बटाट्याची शेती आली. माकेलार म्हणाले, तिकडे घर तुम्हाला पन्नास-साठ हजारांनी स्वस्त मिळेल, मोठं मिळेल, आणि चांगलीही घरं आहेत तिथे, पण दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. एका घरासमोर गाडी थांबवून त्यांनी भिंतीतली भेग दाखवली, खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखी खाली उतरत गेलेली. पीट उरलं असेल तिथे २०१८ सारख्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली जाते, पीट आकसतं, पाया एका बाजूला बसतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे पवनचक्क्या. या आणि शेजारच्या खेमेंतेत मिळून ४५ प्रचंड पवनचक्क्या उभ्या आहेत, गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला होता, फुंडावरच्या फोटोत त्या कधीच दिसत नाहीत. आम्ही त्यातल्या एकीपासून थोड्या अंतरावर उतरून दहा मिनिटं नुसते उभे राहिलो. काहींना काही वाटत नाही त्याचं, मला तो आवाज सहन झाला नसता, आणि हे मला फोटो बघून कधीच कळलं नसतं. आम्ही जे घर ३,००० साठी हरलो होतो ते याच पट्ट्यातलं होतं.

मग घरं बघायला सुरुवात. त्यांनी आम्हाला दोन घरं घेण्यापासून सरळ अडवलं आणि दोन्हीची कारणं अशी होती की आम्हाला बाहेरून काही दिसलंच नसतं.

पहिलं म्हणजे गावाबाहेरचं जुनं शेतघर, छान लाल विटा, मागे चरायला कुरण, किंमत चक्क कमी. त्यांनी आमच्यासमोर लॅपटॉपवर सरकारी नकाशा उघडून दाखवला की त्या जागेचा वापर शेती असा नोंदलेला आहे आणि ते घर शेती चालवणाऱ्याचं राहतं घर म्हणून धरलेलं आहे. शेती न करता नुसतं राहायला गेलं तर नियमभंग, खेमेंते दंडाची नोटीस पाठवू शकते, आणि बँक बहुतेक वेळा अशा घराला कर्जच देत नाही. आपल्याकडे एनए न झालेला प्लॉट बिल्डर गोड बोलून गळ्यात मारतो ना, अगदी तेच. जाहिरातीत खोटं काही नव्हतं, नकाशा उघडून बघायची जबाबदारी घेणाऱ्याची. इथे कायदाच तसा आहे, विकणाऱ्याला माहीत असलेले दोष सांगायचे असतात पण घेणाऱ्यानेही स्वतः चौकशी करायची असते, नंतर मला माहीत नव्हतं म्हणून चालत नाही. १ जानेवारी २०२४ ला नवीन कायदा आल्यापासून हे सगळे नियम ओमखेविंग्सप्लान नावाच्या एका आराखड्यात आले आहेत, खेमेंतेला मेल करून लेखी विचारताही येतं. आम्ही पुढच्या प्रत्येक घराला ते केलं, एक्सलोच्या ऑफिसातून आठवड्याभरात नीट उत्तर यायचं.

दुसरं म्हणजे जंगलातल्या हॉलिडे पार्कमधला बंगला, १,४०,००० ला. एवढा स्वस्त की आम्हाला वाटलं कर्ज लवकर फिटेल. पण तो सुट्टीसाठीचा बंगला, तिथे कायम राहायला परवानगी नाही. तिथे राहून पत्ता नोंदवता येतो म्हणून बऱ्याच परदेशी लोकांचा गैरसमज होतो की मग चालतं. पत्ता नोंदणं वेगळं आणि तिथे राहायची परवानगी वेगळी. हे एक वाक्य कुणीतरी आधी सांगितलं असतं तर माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं एक वर्ष वाचलं असतं.

आमचं घर सापडलं मार्चमध्ये. १९३४ चं, होन्ड्सरुगवरच्या एका छोट्या गावाच्या कडेला, १,९०० चौरस मीटर आवार, त्यात कोठार, आणि मागे वेगळ्या गटनंबरचं ३,००० चौरस मीटरचं कुरण. मागितलेली किंमत ३,७९,०००. ओतूरहून सासऱ्यांचा पहिला प्रश्न, सातबारा बघितला का. मी म्हटलं बाबा इथे काडास्टर असतं, सगळं ऑनलाइन, थोडे युरो भरले की उतारा मिळतो, मालक कोण, बोजा काय, हद्द कुठली. ते म्हणाले ते ठीक आहे, पण जागेवर जाऊन पावलांनी मोजा. आणि गंमत नाही सांगत, माकेलारनीही तेच केलं! फीत घेऊन आले आणि कुरणाच्या हद्दीने चालत गेले, तर शेजारच्या शेतकऱ्याचं तारेचं कुंपण चाळीसेक मीटर लांबीत दोन मीटर आत, आपल्या बाजूला. सासरे फोनवर एकदम चिडले, तिथेही बांध कोरतात का म्हणून. पण माकेलारनी शांतपणे समजावलं की इथे वीस वर्षं कुणी हरकत घेतली नाही तर ती पट्टी वापरणाऱ्याची होऊ शकते, हे कुंपण नव्वदच्या दशकातलं आहे, शेतकरी चांगला माणूस आहे, भांडत बसण्यात अर्थ नाही, पण आपण ८० चौरस मीटर जमीन धरून पैसे द्यायचे नाहीत आणि साठेखतात ते लेखी यायला हवं. तसंच झालं. याच शेतकऱ्याला आपल्या आवाराच्या कडेने ट्रॅक्टर न्यायचा वहिवाटीचा हक्क आहे, तोही जुन्या खरेदीखतात त्यांनीच शोधून काढला, जाहिरातीत त्याचा उल्लेख नव्हता. वर्षातून सातआठ वेळा ट्रॅक्टर जातो, मला त्याचा काहीच त्रास नाही, उलट माझ्या मुलाचा तो दिवस सणाचा असतो. पण आधी माहीत होतं म्हणून त्रास नाही.

आम्ही ३,९३,००० ची बोली लावली, दोन अटींवर, कर्ज मंजूर व्हायला हवं आणि घराची तांत्रिक तपासणी, ज्याला केउरिंग म्हणतात, तिच्यात दहा हजारांच्या वर तातडीचा खर्च निघाला तर माघार घ्यायचा हक्क. बाजार गरम असताना लोक केउरिंगची अट काढून टाकतात म्हणजे बोली आकर्षक दिसते. माकेलार म्हणाले शहरातल्या नव्या फ्लॅटला काढा हवं तर, १९३४ च्या घराला मी तुम्हाला काढू देणार नाही, त्यापेक्षा घर जाऊ दे. बोली मान्य झाली.

केउरिंगवाला माणूस तीन तास होता, फी ५२५ युरो. घराच्या लाकडी फरशीखाली हातभर उंचीची पोकळी असते, तिच्यात तो टॉर्च घेऊन पोटावर सरपटत गेला आणि फोटो घेऊन वर आला, तर दोन वाशांची टोकं भिंतीत शिरतात तिथे कुजलेली, बोटाने भुगा होत होता. छपराच्या लाकडात किड्यांची जुनी भोकं, पण जिवंत कीड नाही. कोठाराचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे, ६० चौरस मीटर. ॲस्बेस्टॉसवर नेदरलँड्समध्ये १९९३ पासून बंदी आहे, त्याच्या आधीच्या जवळजवळ प्रत्येक कोठारावर ते असू शकतं, आणि घरमालकाला स्वतः फक्त ३५ चौरस मीटरपर्यंतच, तेही स्क्रूने बसवलेले आणि न फुटलेले पत्रे खेमेंतेला कळवून काढता येतात, त्याच्या वर प्रमाणित कंपनी लागते. आम्हाला नंतर कोटेशन मिळालं ४,२०० चं.

पण खरी मोठी गोष्ट केउरिंगवाल्याला नाही, माकेलारला दिसली. आवारात एका जागी गवतातून लोखंडी पाइपचं टोक बाहेर आलेलं होतं. गॅसची लाइन यायच्या आधी खेड्यातल्या घरांना तेलाची टाकी जमिनीत पुरलेली असायची. टाकी गळली तर माती खराब, आणि माती साफ करायचा खर्च घराच्या नव्या मालकाच्या डोक्यावर. टाकी साफ करून वाळूने भरली असेल तर ‘किवा’ या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र असतं. विकणाऱ्या आजींना आठवत नव्हतं. माकेलारनी खेमेंतेच्या जुन्या फाइलींतून ते प्रमाणपत्र शोधून आणलं, टाकी रीतसर बंद केलेली होती. कागद मिळेपर्यंत त्यांनी आम्हाला सही करू दिली नाही, आठ दिवस गेले, विकणाऱ्याचा माकेलार रोज फोन करून घाई करत होता, मला तर रात्री झोप येत नव्हती की घर जाईल. गेलं नाही. एकूण दुरुस्तीचा अंदाज १४,००० निघाला आणि त्यावरून किंमत ३,८५,००० वर आली.

आता कुरणाचा विषय, आणि हा भाग खेड्यात घर घेणाऱ्या प्रत्येकाने दोनदा वाचा. घर घेताना सरकारी कर, म्हणजे आपल्या भाषेत स्टॅम्प ड्यूटीच, राहत्या घराला २ टक्के. ३५ पेक्षा कमी वय असेल आणि पहिल्यांदाच ही सवलत वापरत असाल तर शून्य, २०२४ ला त्यासाठी घराची किंमत ५,१०,००० च्या आत असायला हवी होती. ही सवलत प्रत्येकाची वेगळी असते. मी तेव्हा ३३ ची, नवरा ३७ चा, म्हणजे माझ्या अर्ध्यावर शून्य आणि त्याच्या अर्ध्यावर २ टक्के. पण हे सगळं घर आणि घराला लागून, घराच्या वापरातली जागा याच्यापुरतंच. वेगळं कुरण घराचा भाग धरलं जाईलच असं नाही, आणि नाही धरलं तर त्याच्यावर तेव्हाच्या दराने १०.४ टक्के. आमचा हायपोथेकचा, म्हणजे गृहकर्जाचा, पहिला सल्लागार मोठ्या शहरातला होता, त्याला हे माहीतच नव्हतं, त्याने सगळ्या ३,८५,००० वर हिशोब करून दिला, आणि वर अख्ख्या रकमेचं व्याज करातून वजा होईल असंही सांगितलं. दोन्ही चूक. त्याची फी आम्ही आगाऊ भरलेली होती, ती गेली, आणि चूक दाखवल्यावर त्याने माझ्या मेलला उत्तरही दिलं नाही, याचा मला अजून राग आहे. माकेलारनी आधीच सांगितलं होतं की नोटारिसला, म्हणजे खरेदीचे दस्त करणाऱ्या कायदेतज्ज्ञाला, कुरणाबद्दल वेगळं विचारा. नोटारिसने घर ३,५५,००० आणि कुरण ३०,००० असे दोन भाग करून दिले. मग हिशोब असा झाला, नवऱ्याच्या अर्ध्याचे ३,५५०, कुरणाचे ३,१२०, एकूण ६,६७०. सगळं स्वतःच्या खिशातून, कारण २०१८ पासून घराच्या किमतीच्या १०० टक्क्यांवर कर्ज मिळत नाही, घर सुधारून वीज-गॅस वाचवायचं काम सोडून. कुरणाचे ३०,००० पण साठवणीतूनच गेले.

दुसरी सल्लागार आम्ही इथलीच घेतली. तिने एनएचजी, म्हणजे गृहकर्जाच्या राष्ट्रीय हमीमधे बसवलं, २०२४ ला मर्यादा ४,३५,००० होती आणि फी कर्जाच्या ०.६ टक्के, म्हणजे आमची २,१३०, पण त्यामुळे व्याजदर कमी मिळाला. घराचं एनर्जी लेबल एफ, म्हणजे जवळजवळ तळाचं, अशा घराला सुधारणांसाठी २०,००० पर्यंत जास्त कर्ज काढता येतं तेही तिनेच सांगितलं, त्यातून छताचं इन्सुलेशन आणि खिडक्यांच्या काचा केल्या, वर आयएसडीई या सरकारी योजनेची सबसिडी मिळाली. एक लक्षात ठेवा, कर्जाच्या सल्ल्याची फी, मूल्यांकनाची फी, हायपोथेकच्या दस्ताची नोटारिस फी आणि एनएचजीची फी करातून वजा होते, आनकोपमाकेलारची फी होत नाही.

साठेखत सही झाल्यावर तीन दिवस विचार बदलायची मुदत असते, काही कारण न देता. त्यानंतर इसार म्हणून किमतीच्या १० टक्के रक्कम किंवा बँक गॅरंटी, आम्ही गॅरंटी दिली. नोटारिस निवडायचा हक्क इथे घेणाऱ्याचा. दस्त डचमधे, आमचं डच भाजी घेण्यापुरतं, म्हणून शपथ घेतलेला दुभाषी लागला, तो खर्च धरून ठेवा. खरेदीखताच्या दिवशी सकाळी आम्ही आणि माकेलार घरात शेवटची चक्कर मारायला गेलो, मीटरचे आकडे लिहून घेतले, यादीप्रमाणे पडदे आणि चूल आहे का बघितलं. मग नोटारिसच्या ऑफिसात कॉफी, दस्त वाचून दाखवला, वहिवाटीचं कलम आलं तेव्हा नोटारिसने थांबून विचारलं की कळलं ना हे. पैसे सगळे नोटारिसच्या खात्यातून फिरतात, विकणाऱ्याच्या हातात थेट काही नाही, त्याच दिवशी काडास्टरला नोंद. पुण्यात माझ्या आईवडिलांनी फ्लॅटच्या रजिस्ट्रेशनला सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात दिवसभर उभं राहून काढला होता, तो दिवस मला आठवला आणि तिथेच डोळे भरून आले.

राहायला गेल्यावरच्या गोष्टी खरं तर माकेलारच्या कामात येत नाहीत, पण त्यांनी सांगितल्या म्हणून लिहिते. कुरणाच्या कडेचा पाण्याचा चर, त्याला स्लोट म्हणतात, तो दर वर्षी पानगळीच्या दिवसांत साफ करायची जबाबदारी आपली, हुंझे एन आस नावाची पाण्याची संस्था येऊन तपासते. घराचं सांडपाणी पंपाने ढकललं जातं कारण गावाबाहेर उताराची गटार नाही, पंपाच्या पेटीवरचा लाल दिवा लागला की खेमेंतेला फोन करायचा, आणि ओले टिश्यू संडासात टाकायचे नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सामान येण्याच्या आधी आजूबाजूच्या घरी स्वतः जाऊन भेटा, इथे शेजाऱ्याला नाओबर म्हणतात आणि नाओबर म्हणजे अडीनडीला धावून जायचं हे ठरलेलंच असतं. आम्ही डब्यात शंकरपाळे घेऊन पाच घरी गेलो, दारात ‘मोइ’ म्हटलं, सकाळ असो संध्याकाळ असो इकडे मोइच म्हणतात. राहायला गेलो त्या संध्याकाळी ती सगळी माणसं पाव आणि मीठ घेऊन आली, नव्या घरी तसं द्यायची रीत आहे. पहिल्या जानेवारीत बर्फात माझी गाडी चरात गेली तेव्हा मी फोन लावायच्या आत कुंपणवाला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हजर होता.

फी सांगते. एकूण २,७५० युरो, टक्केवारी नाही, ठरलेली रक्कम, त्यातले ५०० सुरुवातीला आणि बाकी घर मिळाल्यावरच. नुसत्या किमतीतच त्यांनी ८,००० कमी करून दिले, आणि ते शेतघर आम्ही घेतलं असतं तर काय झालं असतं याचा हिशोब मी करत नाही.

आता उणं. इंग्रजी येतं पण भरभर बोलायला लागले की मधेच ड्रेंथची बोली घुसते, तेव्हा निम्मं हुकतं, मी शेवटी प्रत्येक फोननंतर मुद्दे लिहून मेल करायचे आणि त्यांना हो की नाही एवढंच लिहायला सांगायचे. ते त्यांनी न कंटाळता केलं, पण स्वतःहून लेखी काही येत नाही, रिपोर्ट वगैरे नाहीच. कर्जाबद्दल ते बोलत नाहीत, त्यासाठी वेगळा माणूस लागतो. ज्यांना महिन्याभरात घर हवंय त्यांच्यासाठी हे अजिबात नाहीत, आमचे सात महिने गेले. आणि रविवारी फोन उचलत नाहीत. एकदा रविवारी दुपारी नवीन घर फुंडावर आलं, मला खूप आवडलेलं, मी चार वेळा फोन केला, त्यांनी सोमवारी सकाळी साडेआठला उलट फोन करून सांगितलं की ते घर मी काल चर्चहून येताना बाहेरून बघितलं, मागच्या शेतात लिलीचे कंद लावतात आणि औषधाची फवारणी सारखी असते, लहान मुलाला घेऊन तुम्ही तिथे राहू नका. मी ते घर बघायला गेलेच नाही.

मला सहा स्टार देता येत नाहीत म्हणून पाच देतेय.